विनोदाच्या आधी हसणाऱ्या मावशी

आमच्या मावशी विनोदाच्या आधी हसायच्या. त्या हुशार होत्या आणि पुढचं वाक्य ताडायच्या, असं मला म्हणायचं नाही. तशी माणसं प्रत्येक थेटरात दोन-चार असतात आणि शेजारच्याला कोपर मारून त्याचा जीव नकोसा करतात. मावशी खरोखरच आधी हसायच्या. कालपर्यंत कुणीही न पाहिलेला सिनेमा, पडद्यावर एक माणूस नुसता जिना चढतोय, संगीतसुद्धा अजून घातलेलं नाही. आणि मागच्या खुर्चीवरून नाकातून सुटल्यासारखा बारीक आवाज यायचा, ‘हंफ्’. मग दोन सेकंदांनी जिन्यावरचा माणूस वळायचा आणि त्याच्या नव्या सदऱ्याच्या पाठीवर इस्त्रीचा तिकोनी डाग दिसायचा. आम्ही सगळे खो खो हसायचो. मावशी तोवर हसून मोकळ्या झालेल्या असायच्या आणि पदराने नाक पुसत असायच्या.

साकीनाक्याजवळ एका कारखान्यांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं एडिटिंगचं ऑफिस होतं. खाली पत्रा कापायचं वर्कशॉप, शेजारी खोकी बनवणारे, आणि मध्येच आमच्या दोन काळोख्या खोल्या. पलीकडे वीस खुर्च्यांचं छोटं थेटर होतं, तिथे अर्धवट झालेले सिनेमे लावून बघायचे. मावशी तिथे झाडलोट आणि चहापाणी बघायच्या. मूळच्या जालन्याकडच्या, लग्न होऊन वाकोल्याला आलेल्या. उंच, किडकिडीत, गळ्यात काळी पोत. चहाचे कप धुऊन झाले की दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर येऊन बसायच्या, आणि त्यांना तिथून उठवायची कुणाची टाप नव्हती.

मी तेव्हा नवखी होते, मुलुंडहून यायचे, हाताखालची म्हणून काम करायचे. विनोदी सिनेमा कापताना विनोदानंतर थोडी मोकळी जागा सोडावी लागते. लोक हसत असतात, त्यात पुढचं वाक्य बुडतं. म्हणून पात्राला पाणी प्यायला लावायचं, चष्मा पुसायला लावायचं. ही हशाची जागा किती ठेवायची ते कळावं म्हणून ऑफिसातल्या लोकांना सिनेमा दाखवायचे, आणि कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला हशा आला ते मी वहीत लिहायचं. पहिल्याच खेपेला माझ्या वहीतल्या सगळ्या नोंदी चुकल्या. आमचे सर, म्हणजे मुख्य एडिटर, वही माझ्यापुढे आपटून ओरडले, “घड्याळ बघता येतं ना गं तुला? इथे विनोद कुठाय? इथे तो बूट काढतोय!” सगळ्यांसमोर माझं नाक कापलं गेलं. मी रडले नाही, कारण मला रडण्याआधी राग येतो. हशा जेव्हा आला तेव्हाच मी लिहिलं होतं, याची मला शंभर टक्के खात्री होती.

पुढच्या वेळी मी वही घेऊन मावशींच्या शेजारीच बसले. अर्ध्या तासात माझी चूक मला कळली: सगळ्यात आधी येणारा हशा मी टिपत होते, आणि तो मावशींचा होता. त्याच दुपारी खालच्या वर्कशॉपमुळे इमारतीचे दिवे गेले. पडदा काळा, पंखे बंद, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. सिनेमा मधल्यामध्ये थांबलेला. आणि त्या अंधारात माझ्या कानाशी आवाज आला, ‘हंफ्’. कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, “कोण हसतंय?” दिवे आले, सिनेमा जिथे थांबला होता तिथून सुरू झाला, आणि दोनच वाक्यांनंतर त्या रीळभरातला सर्वांत मोठा विनोद आला. त्या वेळी कुणीच हसलं नाही. मावशी शांतपणे उठून चहा टाकायला गेल्या.

मी विचारलं तेव्हा त्या माझ्यावरच वैतागल्या. “भूतबित काही नसतं, ताई. आमच्यात मानत नाहीत ते. कुणाचे केस लवकर पिकतात, मला हसू लवकर येतं. एवढंच.” तोच सिनेमा दुसऱ्यांदा लावला की मात्र त्या दगडासारख्या बसून राहायच्या. मी म्हटलं, “आता काय झालं?” तर म्हणाल्या, “एका विनोदाला एकच हसू असतं. झालं ना माझं हसून.”

सरांनी त्यांचा उपयोग ओळखला. बाहेरच्या लोकांना सिनेमा दाखवायचा असला की मावशींना धुतलेलं पातळ नेसून यायला सांगायचे आणि बरोबर मध्यभागी बसवायचे. तो ‘हंफ्’ एवढासा असायचा की लोकांना तो ऐकल्याचं कळायचंही नाही. पण मी बाजूने चेहरे बघायचे. पाठी जरा सरळ व्हायच्या, ओठ सैल पडायचे, आणि विनोद येईपर्यंत सगळे हसायला तयार असायचे. मावशींशिवाय तोच सिनेमा दाखवला, तर तोच विनोद यायचा, दोघेजण खाकरायचे आणि एकजण मोबाइल बघायचा. एकदा बाहेरच्या एका मोठ्या थेटरात एक निर्माते शेठ खेळाआधी उभे राहून म्हणाले, “पोट धरून हसाल, माझी गॅरंटी!” झालं! शंभर माणसं हाताची घडी घालून बसली, की बघू कसा हसवतोस. विनोद आले, पण मावशींच्या हंफ्लासुद्धा त्या दिवशी कुणी बधलं नाही. “हसवतो म्हणून आधी सांगितलं की माणसाची दातखीळ बसते,” मावशी मला नंतर म्हणाल्या. “वाट बघतंच ते, पण पोलीस चोराची बघतो तशी. वाट कशी, पाहुण्याची बघावी.” पुढची सगळी वर्षं मी याच दोन वाक्यांवर पोट भरलं आहे.

मग मला माझा पहिला सिनेमा मिळाला. लग्नघरातला गोंधळ, साधी गोष्ट. त्यात नवव्या मिनिटाला नवरीचा काका पिशवी उचलतो, “येतो हं” म्हणतो आणि दार ओढून हार आणायला जातो. तो पुढे सिनेमात येतच नाही, एवढीशी भूमिका. ऑफिसात पहिल्यांदा दाखवला तेव्हा काकाने दार ओढलं आणि मावशी हसल्या. नेहमीचा हंफ् नव्हे, चांगल्या पाच-सहा सेकंद हसल्या, खांदे हलले. मी वहीत लिहिलं आणि विनोदाची वाट बघत बसले. दोन सेकंद गेले, दहा गेले, मिनिट गेलं. सिनेमा संपला. त्या हसण्याचा विनोद आलाच नाही.

दिवे लागले तेव्हा मावशींचा चेहरा पांढराफटक पडला होता. “आला नाही ना?” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “जाऊ द्या हो मावशी, एखादं चुकतं.” त्यांनी उचललेला कपांचा ट्रे पुन्हा खुर्चीवर ठेवला. “चुकून चालणार नाही, ताई,” त्या म्हणाल्या. “माझं हसू कधी फुकट गेलेलं नाही. एक जरी फुकट गेलं तरी माझं संपलं सगळं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्याला टेकून त्यांनी मला सांगितलं. त्यांचा नवरा साकीनाक्यालाच एका वर्कशॉपमध्ये होता. लग्नाला चार वर्षं झालेली. एका सकाळी मावशी भाकरी थापत होत्या. त्याने डबा उचलला, झाकणाला पोचा आलेला पितळी डबा, आणि “येतो गं” म्हणून चपला घातल्या. आणि मावशींना हसू फुटलं. काहीच झालं नव्हतं हसण्यासारखं. तो दारातून मागे वळला. “काय गं, हसतेस कशाला?” “काय की,” मावशी म्हणाल्या. तोही हसला आणि गेला. तो परत आला नाही. वर्कशॉपला पोचला नाही, जालन्याकडे गावी गेला नाही, कुठल्या दवाखान्यात सापडला नाही. बावीस वर्षं झाली होती त्याला. “सासू म्हणते, हसून घालवलंस माझ्या लेकराला,” मावशी म्हणाल्या. “मी म्हणते, पुढे विनोद असल्याशिवाय मला हसू आलंच नसतं. माझ्या हसण्यामागून विनोद येतोच. तो यायचाय अजून.”

एकदा मी त्यांच्या घरी गेले. वाकोल्याला आत आत शिरत जाणारी गल्ली, दहा बाय बाराची खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि खाटेवर ती सासू. मावशी तिला दूधभात कालवून भरवत होत्या. माझ्याकडे न बघता म्हातारी म्हणाली, “ही हसली म्हणून तो गेला.” रागही नव्हता त्यात, किती वाजले ते सांगावं तसं सांगितलं. मावशींनी तिचं तोंड पुसलं आणि पुढचा घास दिला. चहा न घेताच मी निघाले, आणि दारातून ‘येते हं’ म्हणताना माझी जीभ अडखळली.

आता माझ्या सिनेमातल्या त्या बंद दारावर मावशींची सगळी आशा टांगलेली होती, आणि हे फक्त मला ठाऊक होतं. एक हसू खोटं ठरलं की दुसरंही खोटं ठरणार. मी वापरलेलं, न वापरलेलं सगळं चित्रण पुन्हा उपसलं. चौथ्या दिवशी एक तुकडा सापडला. शेवटच्या दिवशीचं शूटिंग: लग्न लागलंय, सगळं घर फोटोसाठी दाटीवाटीने उभं आहे, कुणी हलत नाही. आणि तो काकाचं काम करणारा म्हातारा नट, आपला प्रवेश आत्ताच आहे अशा समजुतीने, पिशवी घेऊन दारातून आत येतो, सगळ्यांकडे बघतो आणि म्हणतो, “उशीर झाला का?” पुढे दिग्दर्शकाची शिवी ऐकू येते आणि चित्रण बंद. निव्वळ चुकून झालेला शॉट. मावशींनी तो पाहिला असणं शक्यच नव्हतं. माझ्याशिवाय तो कुणीच उघडला नव्हता.

मी शिवी कापली आणि तो तुकडा सिनेमाच्या शेवटी लावला. नवव्या मिनिटाला काका गेल्यानंतर बंद दारावर अकरा सेकंद मोकळे सोडले. दिग्दर्शकाने डोक्याला हात लावला. “अकरा सेकंद? नुसतं दार? अगं यार, वाट लागेल पिक्चरची!” या सिनेमाचे निर्माते शेठ म्हणाले, सिनेमा दुसऱ्या एडिटरकडे देतो. मी म्हटलं, “द्या. पण मग माझं नावही काढा.” पहिला सिनेमा गेला असता तर पुन्हा कुणी विचारलं नसतं. शेवटी ठरलं की मुलुंडच्या एका थेटरात दुपारी साध्या लोकांना दाखवायचा, आणि ते ठरवतील. मी एकच अट घातली. सिनेमा विनोदी आहे हे आधी कुणी कुणाला सांगायचं नाही.

काका गेला, दार बंद झालं. अकरा सेकंद. कुणी हसलं नाही. दोनशे माणसं अंधारात एका बंद दाराकडे बघत होती. कुठेतरी एक खुर्ची करकरली, आणि मला वाटलं आता ते दार बाहेरून कुणीतरी ठोठावणार. शेठनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मावशी माझ्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. सिनेमा पुढे गेला, लोक अधूनमधून हसले, बऱ्यापैकी हसले. मग शेवटी फोटोसाठी सगळे उभे राहिले, दार उघडलं आणि काका आत आला. “उशीर झाला का?”

असा हशा मी त्यानंतर आजतागायत ऐकलेला नाही. पुढची बाई स्वतःच्याच मांडीवर थापा मारत होती. दीड तास ती सगळी माणसं त्या काकाची वाट बघत होती आणि त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. अख्ख्या थेटरात फक्त मावशी हसत नव्हत्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. “आला,” त्या म्हणाल्या. “उशिरा आला, पण आला.”

सिनेमा चालला, माझं नाव झालं. पण घरी जाताना माझ्या डोक्यात जे चक्र सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. तो शॉट पुढे येणार होता म्हणून त्या हसल्या, की त्या हसल्या म्हणून मी तो शॉट लावला? कुठल्याही टोकाला धरा, दुसरं टोक हातातून सुटतं. आणि दुसरं म्हणजे मला माझीच लाज वाटत होती. एका बाईची आशा सुटायला आली होती आणि ती मी कापून-जोडून पुन्हा पक्की केली होती.

सासू गेली. मावशी थकल्या, ऑफिसचं काम सुटलं, पण वाकोल्याची खोली सोडायचं नाव काढेनात. पुतण्या गावाकडे चला म्हणून मागे लागला होता. “त्याला पत्ता हाच माहीत आहे,” त्या म्हणायच्या. मी म्हटलं, “मावशी, तीस वर्षं होत आली.” तर म्हणाल्या, “मोठ्या विनोदाला वेळ लागतो, ताई. तुमच्या सिनेमात नाही का दीड तास लागला?” तेव्हा मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं, “तो शॉट मी मुद्दाम लावला होता, मावशी. तुमच्यासाठी. नाहीतर तो काका येणारच नव्हता.” मला वाटलं, आता या मला दाराबाहेर काढतील. त्यांनी पोळपाट भिंतीला टेकवून ठेवला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “कुणी का लावला असेना,” त्या म्हणाल्या. “आला ना?”

गेल्या वर्षी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात मीच नेलं. सकाळचे अकरा वाजले असतील. ऑपरेशनसाठी त्यांना चाकांच्या खाटेवरून नेत होते. खोलीची किल्ली त्यांनी माझ्या मुठीत दिली, जड लोखंडी दरवाजा उघडला, आणि त्या मान वळवून म्हणाल्या, “येते हं, ताई.”

आणि मला हसू आलं. ‘हंफ्’. माझ्याच नाकातून. देवाशपथ सांगते, हसण्यासारखं तिथे काहीही नव्हतं. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पण मावशींनी ऐकलं होतं. त्यांचा चेहरा असा उजळला की तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. “अगं बाई! हसलात? कशाला?”

“काय की,” मी म्हटलं.

त्या हसल्या, आणि दरवाजा बंद झाला. दुपारी डॉक्टर एकटेच बाहेर आले.

वाकोल्याला बुद्धवंदना झाली, सगळी गल्ली आली होती. शेवटचं काय बोलल्या, असं शेजारणींनी विचारलं. ‘येते’ म्हणाल्या, एवढंच मी सांगितलं. मी हसले ते सांगायची माझी छाती झाली नाही. त्या खाटेवरच्या म्हातारीचं वाक्य आता माझ्यासाठी होतं, आणि ते म्हणायला कुणी उरलं नव्हतं म्हणून रोज सकाळी मीच ते स्वतःला म्हणायचे. मी काही भोळसट बाई नाही. मी त्यांना स्मशानात पोचवून आले आहे, कोण येतं आणि कोण येत नाही हे मला कळतं. तरीही त्यांच्या दाराला कुलूप लावताना एका कागदावर माझा फोन नंबर लिहून तो मी दारावर चिकटवला. खाली लिहिलं, ‘कुणी आल्यास फोन करावा.’

याला आठ महिने झाले. काल दुपारी मी एका सिनेमाची हशाची जागा मोजत बसले होते, तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे गल्लीतला गलका, कुकरची शिटी, आणि एका म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज, बोलण्याला जालन्याकडचा हेल.

“दारावर हा नंबर हाय,” तो म्हणाला. “कुलूप दिसतंय. बाहेर गेली का ती?”

मी समोरचा सिनेमा थांबवला.

“तिचा डबा राहिला होता माझ्याकडं,” तो म्हणाला. “पितळेचा. कधी येते म्हणाली?”

“येते म्हणाल्या,” मी कशीबशी बोलले. “एवढंच म्हणाल्या.”

“बरं बरं. मग थांबतो मी,” तो म्हणाला. डबा जमिनीवर ठेवल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

मला हसू आलं नाही. माझं आठ महिन्यांपूर्वीच येऊन गेलं होतं, आणि मावशींचं तीस वर्षांपूर्वी. मी पर्समधून त्यांची किल्ली काढली आणि वाकोल्याला जायला निघाले.